कण्यावरचं नाव

वाचनालयाच्या तळघरात पुस्तकं बांधणाऱ्या ताईचा हट्ट एकच: चालत आलेलं नाव बदलायचं नाही. जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या कितीतरी पुस्तकांना नावं मागाहून दुसऱ्यांनीच चिकटवलेली. वाद ज्याच्याशी घातला, बऱ्याचदा त्याचंच नाव पुस्तकाला. आता हातात होतं ते 'राजा'. आत एक म्हातारा जुलमी राजाची सालटी काढतो, आणि बाहेर मान मात्र त्या राजाला!

"ताई, निदान 'राजाला जाब' तरी लिहू," धाकटा भाऊ म्हणाला. "बाहेर दिवस बरे नाहीत."

"तू ठसे लाव. मला शहाणपणा शिकवू नकोस."

त्यानं निमूटपणे पितळी अक्षरं लाकडी मुठीच्या दांडीत बसवली, शेगडीवर तापवली आणि पुस्तकाच्या कण्यावर, पाठीच्या पट्टीवर, सोनेरी 'राजा' उमटवला. दांडी परत शेगडीवर ठेवली.

दिवस खरंच बरे नव्हते. इथला राजा पळाला होता आणि त्यानं छळलेली माणसं लोखंडी गज घेऊन रस्त्यावर उतरली होती. दुपारी ती तळघरात घुसली. पुढे कोपऱ्यावरचा खाटीक. त्याचा एकुलता एक मुलगा राजाच्या तुरुंगात मेला होता. त्याला तो सोनेरी कणा दिसला.

"अजून त्याचे गोडवे गाता?"

"दादा, उघडून तरी बघा! आत त्याला शिव्याच आहेत!" ताई ओरडली.

उघडतो कोण? गज भावाच्या डोक्यात बसला. तो कोसळला तरी मारणं थांबेना. कवटी फुटल्याचा आवाज ताईनं ऐकला, आणि त्यानंतर ती कुणाचीच ताई उरली नाही.

वर आग लागल्याची आरोळी आली. बाकीचे जिन्याकडे धावले, खाटीक तेवढा मागे राहिला. ताईनं शेगडीवरची दांडी उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या गालावर दाबली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडत पळाला.

भावाला मूठमाती देऊन ती परतत होती, तर पलीकडच्या वस्तीतल्या जमावानं खाटकाला गल्लीत धरलेलं. गालावर स्वच्छ वाचता येत होतं: राजा.

"राजाचा माणूस! हाणा!"

"अरे, माझं पोर मारलं त्यानं! मी त्याचा वैरी!" रक्तानं भरलेल्या डोळ्यांना ताई दिसली. "ताई, तू तरी सांग यांना!"

तिला सगळं ठाऊक होतं. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि तो गप्प होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.