सीटखालची स्प्रिंग

इंजिन चालू व्हायचं. ट्रॅक्टर पुढं जायचा, मागं यायचा, दिवासुद्धा लागायचा. पण पाती फिरवायचा लिव्हर ओढला, की इंजिन फट्कन बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा लिव्हर, पुन्हा बंद. गवत कापायच्या ट्रॅक्टरनं गवत तेवढं कापायचं नाही, बाकी सगळं करायचं, असा त्याचा त्या सकाळी हट्ट होता.

दिवाळी नुकतीच झाली होती. कॉलेजच्या मैदानावर पावसाळ्यातलं गवत पोटरीला लागत होतं आणि फुटबॉलचे सामने तोंडावर आले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, या मैदानाचे माळी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हंगामातली पहिली कापणी त्यांच्याच हातची, असा रिवाजच पडून गेला होता. त्या वर्षी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कॉलेजवाल्यांनी दुसरा माणूस लावतो म्हटल्यावर आबा उसळले, "का? मला काय धाड भरल्या?" मग त्यांच्यामागं पाना-पक्कड धरायला मी जयसिंगपूरहून एसटीनं आले. लहानपणापासून ते काम माझंच होतं. त्या यंत्राचा मला तेव्हापासून राग. आमच्या घरातलं एकही भांडं आबांनी कधी विसळलं नसेल, पण हा ट्रॅक्टर ते मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचे.

त्या दिवशी आबा मैदानाच्या कडेला, दगडी रोलरवर बसून हुकूम सोडत होते आणि मी गवतात आडवी.

"आधी प्लगची वायर काढलीस न्हवं?"

"काढली."

"पट्टा हाय का जाग्यावर?"

"हाय की."

"लिव्हर ओढून बघ. पट्टा ताणतोय का ढिलाच ऱ्हातोय?"

"ताणतोय चांगला."

"मग पात्यात कायतरी आडकलं आसंल. फडकं गुंडाळून हातानं फिरव."

फिरवलं. ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पत्र्याच्या डब्यातून मूठभर वाळकं गवत आणि कुणाची तरी बुटाची नाडी निघाली. पाती अगदी मोकळी फिरत होती. पेट्रोल नवं होतं, फिल्टर साफ होता. सगळं जागच्या जागी बसवलं, वायर लावली, आबा सीटवर चढले. चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला नीट जाणवलाच नाही, इतका हलका होता. लिव्हर ओढला. इंजिन बंद.

"सर बाजूला," असं मी त्यांना म्हणणं शक्य नव्हतं, पण तोंडावर तेच आलं असणार. "आबा, उतरा बघू. मी बसून बघते."

मी बसले, किल्ली फिरवली, लिव्हर ओढला, आणि पाती घरघरत सुरू झाली. खालून हिरव्या गवताचा फवारा उडाला. आबा टाळी वाजवून हसले. "तुज्या हाताला गुण हाय, लेकी!" मी बंद केलं, उतरले, ते चढले. लिव्हर ओढला. बंद.

तेव्हा मला कळलं. इतका वेळ पोटाखाली डोकं घालून शोधत होते, आणि बिघाड वर होता.

त्या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की सीट खाली जाते, स्विच दाबला जातो. पाती फिरत असताना माणूस पडला किंवा उठला, तर सीट वर येते आणि इंजिन बंद पडतं, म्हणजे कुणाचा पाय जायला नको. आता आबा तरुणपणी तालमीतले. अंगानं भरभक्कम. मूळची सीट त्यांच्या वजनानं एका वर्षात दबून गेली, तेव्हा त्यांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून जाडजूड स्प्रिंग वळवून आणली. तिथला कारागीर म्हणाला होता, "पावणं, हिच्यावर तुमी बसणार का म्हस?" हा किस्सा आबा दर वर्षी पहिल्या कापणीला सांगायचे आणि आधी स्वतःच हसायचे. त्या वर्षीही सकाळी सांगून झाला होता.

त्या स्प्रिंगला आता आबा पुरत नव्हते. मी बसले की ती दबत होती, मी काही हलकी बाई नाही. आबा बसले, तर यंत्राच्या लेखी सीट रिकामीच होती.

आमच्याकडं आजारातून उठलेल्याला वाळलास म्हणत नाहीत. तसं ऐकलं की माणूस मनानं खचतो, असा समज. भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातूनच, "आता बरं दिसतंय की!" अशी आरोळी ठोकायचा. दिवाळीत मी त्यांच्या विजारीला आतून टिपा घातल्या आणि धुऊन धुऊन कापड सैल पडतं, असं सांगितलं. आईनं त्यांचं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ दुरुस्तीला म्हणून कपाटात टाकलं, कारण ते मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचं. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं होतं, ते आबांना सांगितलं नव्हतं. आणि आबा बरे होत होते, निदान तसं बोलत होते. त्या बोलण्यावर आमचं घर चाललं होतं. आता हे सीटचं त्यांना कसं सांगायचं?

"काय झालं गं? गप का?"

"स्विचला गंज धरलाय. घासायला पायजे."

दोन वायरी एकमेकींना जोडल्या असत्या तर स्विचची कटकटच मिटली असती. गावातल्या कुठल्याही मेकॅनिकनं 'डायरेक्ट करून टाका' म्हणून सांगितलं असतं. पण ते आबांनी जन्मात कुणाला करू दिलं नव्हतं. मी पाना हातात घेऊन नुसतीच उभी राहिले.

आबांनी माझ्याकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं आणि टोपी सारखी केली. "बरं, घास तू. मी गेटावर जाऊन च्या पिऊन येतो."

ते पाठमोरे झाल्यावर मी घाई केली. पेटीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा होता. त्याच्या दोन घड्या केल्या आणि सीटच्या बुडाला, बरोबर स्विचच्या वर, तारेनं बांधल्या. आता सीट थोडी जरी दबली तरी पुरणार होतं.

आबा आले, चढले. लिव्हर ओढला. पाती फिरली. मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी जरासं उठून बघितलं. इंजिन बंद पडलं. "आता बराबर," म्हणाले, आणि पुन्हा किल्ली फिरवून मैदानात शिरले. मी रोलरवर बसून बघत राहिले. सदरा वाऱ्यानं फुगला की ते पूर्वीसारखे दिसायचे, आणि वारा पडला की मला रडू यायचं.

दुपारपर्यंत अर्धं मैदान झालं. बाकीचं मी पुरं केलं. ट्रॅक्टर शेडमध्ये लावल्यावर आबा फडकं घेऊन पुसायला बसले. पुसता पुसता त्यांचा हात सीटखाली गेला आणि तिथंच थांबला.

"किती घड्या घातल्यास?"

"दोन," म्हटलं.

"फुडच्या साली आनि दोन लागतील," ते म्हणाले आणि पुसत राहिले. "आईला न्हाय सांगायचं. तिला वाटतंय मी बरा हाय."

पुढच्या दिवाळीला आबा नव्हते. कॉलेजनं नवा माणूस ठेवला, चांगला धिप्पाड. ट्यूब असली तर तो उठल्यावर इंजिन बंद पडायला वेळ लागेल, या भीतीनं मी मुद्दाम जाऊन ती काढली. तार सोडताना मला त्यांचं ते गेटावर च्या प्यायला जाणं आठवलं. ऑपरेशन झाल्यापासून आबांना चहाचा वाससुद्धा सहन होत नव्हता.