दह्यातले जिवंत जंतू

भीतीपोटी माणूस भलतंच काही करून बसतो आणि भीती ओसरली की त्याचा किस्सा होतो. मेडशीच्या एसटी थांब्यावर बसणाऱ्या आम्हा तीन म्हाताऱ्यांचे असे किस्से पुष्कळ जमलेत. माझ्या घरची भीती तेवढी ओसरलेली नाही.

एकाच आरोग्य शिबिरात तिघांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी घ्याच. सोबत घरचं ताजं दही खा. त्यातले काही जिवंत जंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करू शकतात."

परतताना बसमध्ये नामदेव म्हणाला, "आतापर्यंत जंतू मारासाठी दवाखान्यात जात होतो. आता बाई ते खायाले सांगून राह्यली."

गोविंदा माळकरी. त्याला मरणापेक्षा पापाची धास्ती. "जीव हाये तं मांसाहारच झाला ना गा?"

"अन् लहानपनापासून दही खाल्लं, ते?" नामदेवनं विचारलं.

गोविंदा गळ्यातली माळ चाचपत म्हणाला, "तवा मले मालूम नोतं."

नामदेवनं उलटंच केलं. दही धरलं आणि गोळी सोडली. "पोटात एवढी फौज पाठोली, गोळी कायले पायजे?"

पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला. बाई रागावल्या, "दही गोळीच्या सोबतीला आहे, गोळीच्या जागी नाही!"

बाहेर येऊन नामदेव म्हणाला, "फौज आपलीच हाये, पन ऐकत नाई." हसला खरा, पण पाय औषधाच्या दुकानाकडे वळले.

माझ्या घरची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ छाती धरून बांधावर बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून माझी बायको रुखमा मला एकट्याला शेतात जाऊ देत नाही. जंतू म्हटल्यावर ती घाबरली आणि दही चांगलं उकळून मला महिनाभर कढी वाढत राहिली.

पुढच्या खेपेला ती सोबत आली, तेव्हा हे ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या, "आजी, उकळल्यावर ते मरतात."

रुखमा हसली नाही. बसमध्ये पदरानं डोळे पुसत म्हणाली, "महिनाभर मीच मारले त्यायले."

पौषातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझं रक्त तपासायचं होतं. दिवेलागणीला रुखमानं कोमट दुधात विरजण घातलं, अंगावरची शाल काढली आणि दुधाच्या पातेल्याभोवती गुंडाळली.

मी म्हणालो, "अवं, तुले थंडी वाजन."

"मले वाजली तं मी बोलीन," ती म्हणाली. "हे मेले तं तुमाले कोन पाहीन?"