निकालात नसलेलं वाक्य

मार्चमधला पहिला रविवार, सकाळी अकरा. ताईचं घर, डोंबिवली पूर्व. हजर: ताई, भावोजी, वकीलसाहेब, शेजारच्या काकू आणि मी. भाचा पुण्याला नोकरीवर, म्हणून गैरहजर.

कोण आलं, काय ठरलं, कोणाकडे काय काम, हे लिहून ठेवायची मला सवय आहे. भावोजींनी दार उघडता उघडताच टोमणा मारला, "आलीस का मिनिट्स लिहायला?" पण आवाजात आनंद होता. आठ वर्षं चाललेली केस त्या आठवड्यात संपली होती. कल्याणच्या कोर्टाने ताईला निर्दोष मुक्त केलं होतं आणि वकीलसाहेब निकालाची नक्कल घेऊन आले होते.

ताई कल्याणच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होती. तिथे एका तरुण बाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली आणि ती गेली. असं औषध देण्याआधी टेस्ट डोस देतात. हातावर, कातडीखाली थेंबभर औषध टोचायचं, भोवती बॉलपेनने वर्तुळ काढायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. लाल फुगलं तर औषध द्यायचं नाही. फुगलं नाही तरी पुढे रिअ‍ॅक्शन येऊ शकते, क्वचित, पण येते. ताईवर आरोप होता की तिने टेस्ट डोस दिलाच नाही. ताईचं म्हणणं, दिला, वर्तुळही काढलं. केस पेपरवर नोंद नव्हती, कारण तिथे सगळ्याजणी ड्यूटी संपताना एकदम नोंदी करायच्या.

वर्तुळ मात्र हातावर असायला हवं होतं. ते पंचनाम्यात नाही, पोस्टमॉर्टेममध्येही नाही. का नाही, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाई सवाष्ण गेली होती. घरच्या बायकांनी तिथेच तिचे हातपाय ओल्या फडक्याने पुसले, हातांना हळद लावली, कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या चढवल्या. इंजेक्शनचा विषय तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. तो तासाभराने निघाला, तिचा भाऊ आल्यावर. मग आरडाओरडा, मग पोलीस. पुसायला कोमट पाण्याचं भांडं आणि स्वच्छ फडकं ताईनेच आणून दिलं होतं. वॉर्डात कोणी गेलं की ती नेहमीच देत असे.

तर त्या रविवारी काकूंनी पहिला पेढा ताईच्या तोंडात कोंबला. "सुटलीस गं बाई एकदाची! आता माझं बी-ट्वेल्व्ह तूच दे. त्या दवाखान्यातली पोरगी भाला फेकल्यासारखी टोचते."

सगळे हसले. पूर्वी अख्खी इमारत ताईकडूनच इंजेक्शनं घ्यायची. केस झाल्यापासून कोणी आलं नव्हतं.

ताई हसली नाही. पेढा गिळून ती म्हणाली, "साहेब, शेवटचं पान वाचा ना."

वकीलसाहेबांनी वाचलं. टेस्ट डोस दिला नव्हता हे सरकार पक्ष निःसंशय सिद्ध करू शकला नाही, सबब संशयाचा फायदा देऊन आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे.

"आणि दिला होता, असं कुठे आहे?"

"तसं नसतं, ताई. कोर्टाकडे दोनच कप्पे. सिद्ध झालं, नाही झालं. तुम्ही दुसऱ्यात. काम झालं."

"मग निर्दोष का म्हणतात?"

"म्हणायची पद्धत आहे. कायद्याने तुम्ही निर्दोषच. कोणी बोट दाखवलं तर हा कागद दाखवा."

"कागदातच संशय लिहिलाय."

भावोजी मध्ये पडले. "अगं, सुटलीस ना? जेल नाही, दंड नाही. आता कशाला उकरून काढतेस?"

"मला सुटायचं नव्हतं हो. मी केलं नाही, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं."

मग ताईने वकीलसाहेबांना तो प्रश्न विचारला. त्या बाईच्या ज्या नणंदेने हातांना हळद लावली, ती साक्षीला आली होती. निळं वर्तुळ दिसलं होतं का, हे तिला का विचारलं नाही? ताईने तेव्हा चिठ्ठी पाठवली होती, विचारा म्हणून.

वकीलसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "ती नाही म्हणाली असती तर? उत्तर माहीत नसेल तो प्रश्न मी उलटतपासणीत विचारत नाही. मी विचारलं नाही, म्हणून तुम्ही आज इथे पेढे खाताय."

त्यांचं बरोबर होतं. मला तिथे एकही चूक सापडली नाही, आणि चुका शोधण्यात मी मागे नसते. त्यांना दुसरीकडे जायचं होतं, ते निघाले. त्यांच्यामागून काकूही उठल्या. "पुढच्या आठवड्यात येते हं इंजेक्शन घेऊन," दारातून म्हणाल्या.

भांडी घासताना ताई हळूच मला म्हणाली, "पहिली काही वर्षं मला ते वर्तुळ लख्ख दिसायचं. आता मी सांगितलेलं आठवतंय की काढलेलं, कळत नाही. तीच एक बाई आहे जिने तो हात जवळून बघितला. तू जाशील तिच्याकडे? तू नीट बोलतेस."

मी हो म्हणाले. नणंद कोपरीत राहते, पत्ता केसच्या कागदांत होता. मी राहते त्या बाळकुमहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ.

त्याला वर्ष होऊन गेलं. काकू अजून दवाखान्यातच जातात. जिन्यात ताई भेटली की गुडघ्यांबद्दल बोलतात. ताईने नोकरी शोधली नाही. मी एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, तर म्हणाली, माझ्या हातात सुई नको.

काय विचारायचं, ते मी तीन प्रकारे लिहून पाहिलं. तिन्हींत शेवटी एकच येतं: तुमच्या वहिनीला हळद लावत होतात, तेव्हा हातावर शाई होती का? गेलेल्या माणसाच्या घरात शिरून, आरोपीच्या बहिणीने हे विचारायचं. ती हो म्हणाली तर इतकी वर्षं गप्प का होती, हे तिला स्वतःलाच विचारावं लागेल. नाही म्हणाली तर ताईला काय सांगायचं, ते मी ठरवू शकलेले नाही. आणि बहुधा ती म्हणेल, आठवत नाही. मग विचारायला कोणीच उरणार नाही.

दर रविवारी ताईचा फोन येतो. पाणी आलं का विचारते, भाच्याचं सांगते. कोपरीचं विचारत नाही. मीही काढत नाही.

माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे. खालची कामं होतात, खोडली जातात, नवी येतात. कोपरीला जाऊन नणंदेला भेटायचं राहिलं आहे.