त्रिकोणाची राखण

“मारू नका, शिकवतो,” असं म्हणत तो उंदरांचा पिंजरा पोटाशी धरायचा. समोरचा जितका चिडलेला, तितका हा हसरा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तेव्हा मी कर्जतच्या एका भाताच्या वखारीत कारकून होतो. तो तिथला म्हातारा राखणदार, दहिवलीपलीकडच्या डोंगरवाडीतला. पेरणीपर्यंत वाडीचं बियाणं वखारीच्या कोपऱ्यात असे. उंदरांनी पोती कुरतडायला सुरुवात केली आणि शेट विष घेऊन आले.

“बेण्याजवळ इख नको, शेट. आमची पोरं हातानं पेरतात.”

“मग उंदरांची शाळा काढणार का रं?”

“काढतो की!”

“पेरणीपर्यंत बघतो. नाहीतर विष घालणार.”

त्याने दोन दारांचं खोकं केलं. दारांवरच्या खुणा मी सुचवल्या. एकावर काजळीचा त्रिकोण, मागे मिरचीची पूड. दुसऱ्यावर गोल, मागे भात. तो रोज दारांची अदलाबदल करी आणि मी यादीत लिही, कोणता उंदीर कुठे गेला.

महिन्याभरात सगळे न चुकता गोलाकडे जाऊ लागले. त्याने त्रिकोण लहान काढला, वाकडा काढला, तरी उंदीर मागे फिरत. उलटा काढला तेव्हा मात्र घुटमळले.

“बघा भाऊ, उलटं केलं की गडबडतात. मानसावानीच!”

मग वाडीच्या पोत्यांवर सुलटे त्रिकोण काढून त्याने उंदीर वखारीत सोडून दिले.

आठ दिवसांनी पाहिलं, तर वाडीचं एकही पोतं फुटलं नव्हतं. शेटच्या पोत्यांची मात्र चाळण झाली होती. प्रत्येकावर शेटचा काळा गोल शिक्का होता. वर्षानुवर्षं तोच डोळ्यांसमोर, म्हणून मला गोल सुचला होता.

“गोल कुणाच्या डोक्यातून निघाला?” शेट ओरडले.

मी तोंड उघडलं, तोच त्याने माझ्या पायावर पाय दिला. “माझ्या, शेट.”

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. बियाण्याचं पोतं खांद्यावर घेत तो मला म्हणाला, “तुमचं घर पगारावर हाय, भाऊ. माझं बेणं वाचलं, बास.”

दिवाळीनंतर मी खोकं द्यायला वाडीवर गेलो. तो खालापूरकडे कोळशाच्या भट्टीवर गेला होता. पुढे कधी भेटलाच नाही. त्याच्या म्हाताऱ्या बायकोने मला नव्या भाताची कणगी दाखवली. तिच्यावर त्रिकोण होता. दाराच्या चौकटीवर होता, नातवाच्या पाळण्यावरही.

“पाळण्यावर कशाला?”

“म्हातारा बोलला, जे जपायचं त्यावर काढ.”

पाळण्यावरचा त्रिकोण जरा वाकडा होता. नीट करायला मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. वाकडाही चालतो, हे मीच यादीत लिहिलं होतं.