फाट्यावरची अकरा मिनिटं

हसणार नसाल तर सांगते. आणि हसायचंच असेल, तर आधी माझा संताप तरी नीट ऐकून घ्या!

लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. यवतमाळच्या एका संस्थेनं मला राळेगावच्या रस्त्यावर काम दिलं. एसटी थांब्यावर उभी असताना तिचं इंजिन किती वेळ चालू राहतं, ते मोजायचं. उभ्या गाडीचा धूर म्हणजे कुणालाही कुठं न पोचवता हवेत गेलेलं डिझेल! तो किती हे कळलं, तर कमी करता येईल. संस्थेच्या सरांनी बजावलं होतं, "ड्रायव्हरला सांगायचं नाही. कळलं की तो इंजिन बंद करतो आणि आकडा खोटा पडतो."

घरी सासूबाईंनीही बजावलं, "आठ दिवस करून पाहाय. पन गावात बोलनं नाही आलं पायजे. आलं की काम बंद."

पहिल्याच सकाळी मी हातभर हिरव्या चुड्यानिशी, मोबाइल घेऊन आमच्या फाट्यावर उभी. बस आली. एक म्हातारबुवा उतरून गावाकडे गेले. मी घड्याळ सुरू केलं.

आणि बस हलेचना!

"चाला ताई," कंडक्टर म्हणाला. मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. दोन मिनिटं. चार मिनिटं. काळा धूर थेट तोंडावर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. चढणारं कुणी नाही, उतरणारं कुणी नाही. मग डिझेल कुणाच्या नावानं जाळताय? वर खिडकी-खिडकीतून डोकी बाहेर काढून माझ्याकडेच बघतायत!

शेवटी एक आजी खाली उतरल्या.

"सासू तरास देते काय वं माय?"

"नाही!"

"नवरा पेते?"

"नाही हो आजी!"

"मंग रडते काहून?"

"धुरानं!"

"असंच सांगतेत साऱ्या," आजींनी उसासा टाकला आणि ओरडल्या, "ड्रायव्हर भाऊ, गाडी नोको काढू! पोरगी घर सोडून निघाली."

आता बोला! मी जागची हललेही नव्हते.

तेवढ्यात गावाकडून मोटारसायकल आली. पुढे सासरे, मागे कणकेच्या हातानं सासूबाई. म्हातारबुवांनी गावात शिरताच 'तुमची सून एसटीनं चालली' अशी बातमी पोचवली होती.

"काय कमी केलं वं आम्ही तुले?" सासूबाई मोटारसायकलवरूनच ओरडल्या. "गाडीभर लोकाइपुढं?"

मग मात्र माझा बांध फुटला. "मी कुठंच नाही चालली! मी मोजून राह्यली! अकरा मिनिटं झाले, या काकाइनं इंजिन बंद नाही केलं!"

ड्रायव्हरकाका माझ्याहून तापले. "बंद कसं करू, बाई? आता चढान, मंग चढान! तुमच्यासाठीच तं थांबलो ना कवाचा!"

सगळी बस हसली. आजी तर दरवाज्याचा दांडा धरून हसल्या. सासूबाई रागातच कणकेकडे परतल्या; संध्याकाळी मी अकरा मिनिटांचा आकडा सरांना पाठवला.

रात्रीच्या जेवणाआधी सरांचा फोन. "अहो, सगळ्या थांब्यांत तुमचा फाटा सर्वात वाईट! तिथला धूर कमी करायचा तर काय करावं लागेल?"

ड्रायव्हरचं नाव जिभेवर आलं होतं. आजींचंही आलं होतं.

"सर," मी म्हटलं, "मला तिथून उचलावं लागेल."