आमच्या शेडचे देणगीदार

नाटकाला देणगी देणारा भेटला की नाटकापेक्षा त्याचाच खेळ जास्त रंगतो. असले किस्से आम्ही टपरीवर इतके सांगितलेत की टपरीवाला हल्ली चहाआधी विचारतो, "आज कुठला देणगीदार?"

मी पडदा ओढतो. शाळा सातवीत सुटली, नाटक सुटलं नाही. आमची हौशी मंडळी भवानी पेठेत, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये तालमी करते. यंदा मालकानं शेड विकायला काढली. एक गोडाऊनवाला टेप लावून मोजूनसुद्धा गेला. शेड गेली की मंडळी संपली, कारण एवढ्या आरडाओरड्याला सोलापुरात दुसरी जागा कोण देणार? म्हणून आम्ही दानशूर शोधायला निघालो.

*

पहिला नव्या पेठेतला साडीवाला. म्हणाला, "रोख न्हाय. साड्या देतो. पण नाटकात माझ्याच साड्या दिसल्या पायजेत."

आमचं नाटक एका गरीब आईचं. पोरगं आजारी, औषधाला पैसे नाहीत. ती आई म्हणजे आमची मंगल, प्रयोगाला शेण्या थापत बसली ती जरीकाठी नेसून. मागच्या रांगेतनं एकजण ओरडला, "मावशे, साडी इक की, पोरगं वाचंल!"

साडीवाला खूश. "बघा, मागंपतोर दिसली."

*

मग एका डॉक्टरांनी दिवे दिले. अट एकच, मध्यंतरात दोन शब्द बोलणार. दोन शब्दांना अर्धा तास होऊन गेला तरी "शेवटी एवढंच सांगतो" काही येईना. दुसरा अंक उघडतो तो मेलेल्या पोरावर. ते पोर म्हणजे बाळू, डॉक्टरांच्या मागं चादर घेऊन कधीचा आडवा झालेला.

मी दोरी ओढली. पडदा डॉक्टरांच्या नाकासमोर पडला. प्रेक्षक तिकडं, डॉक्टर इकडं. तरी भाषण चालूच. ऐकायला उरला फक्त बाळू. शेवटी चादरीखालनं टाळ्या आल्या.

डॉक्टर वळून मढ्याला म्हणाले, "धन्यवाद."

*

आमच्याकडं सत्काराची शाल एकच. फोटो झाला की दिग्दर्शक सदा "इस्त्री करून पाठवतो" म्हणत ती पाहुण्याच्या अंगावरनं काढून घेतो. एका रिटायर मास्तरांनी मात्र घट्ट धरली. "राहू दे की, इस्त्री मी करतो."

पुढचा सत्कार चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखानदाराचा होता. सत्कार देणगीच्या आधी उरकायचा, ही सदाची पद्धत. मग माणूस नाही म्हणायला लाजतो. शाल नव्हती म्हणून सदानं घरची चादर त्यांच्या अंगावर घातली. पाहुण्यांनी काठ उलटून बघितला. "ही तर आमच्याच कारखान्यातली हाय."

लाजले मात्र नाहीत. म्हणाले, "तालीम बघतो, मग सांगतो."

*

तालमीला आले, पुढच्या खुर्चीत बसले. पोरगं आजारी पडायच्या आत त्यांची मान पडली. घोरायला लागले.

उठवावं तर अपमान, न उठवावं तर शेड जाते. सदानं हातानं खूण केली, हळू. मंगलचा हंबरडा एरवी चार घरं पलीकडं जातो, त्या दिवशी तिनं तो कुजबुजत फोडला. मेलेल्या बाळूनं आयुष्यात पहिल्यांदा श्वास धरून ठेवला. नाटक संपलं तरी कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं साहेब उठले आणि थेट मोटारीत बसून गेले.

"गोडाऊनवाल्याला फोन लावू का?" मी विचारलं.

सकाळी साहेबांच्या मिसेस दारात. "काल काय केलं तुमी ह्यांना?"

सदा घाबरला. "काही नाही वहिनी, नाटकच केलं."

"गोळ्या खाऊनबी ह्यांचा डोळा लागत न्हाय. काल हितं झोपले, वर घरी येऊन सकाळपतोर झोपले." त्यांनी शेड वरपासनं खालपर्यंत बघितली. "मालकाचा नंबर द्या. शेड आमी घेतो, तालमी तुमी करा."

सदाचे डोळे भरून आले. तो वाकून पाया पडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फक्त दुसरं नाटक बसवू नका. ह्यांना हेच लागू पडलंय."