अंगणातले चार चौकोन

संशय घेणं माझ्या हाडातच आहे. कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी त्याचे हात बघते. म्हणून चौथीच्या नव्या बाई वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "मुलीला रोज शाळेच्या अर्धा तास आधी पाठवा, मी तिच्याकडे बघते," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच. फुकट कोण कोणाकडे बघतं?

पण पाठवणं भाग होतं. पोरगी हुशार, मात्र चार गणितं एकदम समोर आली की तिचं डोकंच फिरायचं. रडायची, पाटी फेकायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं शेजारच्या मुलीची वही टराटरा फाडली. हेडमास्तरांनी मला बोलावून बजावलं, वार्षिक परीक्षेत असं काही झालं तर नाव काढून टाकीन. माझी स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली. तिचीही सुटली असती तर मला ते सोसलं नसतं.

आठ दिवसांत तिच्या फ्रॉकचा घेर धुळीनं माखलेला दिसायला लागला. तळहात लाल.

"काय करून राहिली वं तिथं?"

"अभ्यास."

अभ्यासानं कधी घेर मळतो का? दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेले. शाळेसमोरच्या गोदामापाशी ट्रक उभा होता, त्याच्या आडून शाळेचं अंगण दिसायचं. बाई पायरीवर बसल्या होत्या आणि माझी पोरगी एकटी खराट्यानं अंगण झाडत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईनं गावात दुसऱ्यांची अंगणं झाडण्यात अर्धं आयुष्य घालवलं. दीक्षा घेऊन नागपूरहून परतली त्या दिवशी तिनं तो खराटा चुलीत घातला. तेव्हापासून आमच्यात कुणी परक्या अंगणात खराटा धरला नव्हता. मी जाऊन तो पोरीच्या हातून हिसकावला.

"यासाठी पाहिजे होती का तुम्हाले अर्धा तास आधी?"

बाई गडबडून उठल्या. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. चुन्यानं अंगणाचे चार चौकोन आखले होते. "डोकं तापलं की एकच चौकोन झाडायचा. बाकीच्यांकडे बघायचंच नाही. मग थोडं थांबायचं, मग दुसरा. कोणता आधी, ते तिनंच ठरवायचं. पुढे गणितंही अशीच करून घेणार आहे मी."

"शिकवा ना. पण खराट्यानं काहून?"

बाईंनी माझ्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच आलं नाही, ताई. चुकलं माझं."

"तुमच्या ध्यानात यायले कारणच नव्हतं," मी म्हटलं.

आता पोरगी जमिनीवर आडवी पडून आकांत करणार, म्हणून मी पदर खोचून तयार होते. ती रडत होतीच. पण रडत रडत न झाडलेल्या चौथ्या चौकोनात जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, आधी तू बोल. मंग बाई. मंग मी. सगळे एकदम नोको."

मी हातातला खराटा खाली टाकला.

त्या दिवसानंतर खराटा गेला आणि चौकोन पाटीवर आले. बाईंनी शब्द पाळला, हे मला दिसत होतं. तरी मी उन्हाळ्यापर्यंत रोज तिच्या फ्रॉकचा घेर उलटून बघायचे. बघणारच. माझ्या आईला बघणारं कोणी नव्हतं.

गणिताच्या पेपरला मी फाटकाशी उभी राहिले, कान आतल्या आवाजाकडे. रडण्याचा आवाज आला नाही. पोरगी बाहेर आली आणि प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. तिनं ती दुमडून कागदाचे चार चौकोन पाडले होते. उलगडून पाहिलं तर पहिल्या चौकोनात कागद ओला होऊन फुगला होता. तिथं ती रडली होती. आणि चारही चौकोनांत, पहिल्यातसुद्धा, प्रत्येक गणितापुढे सोडवल्याची पेन्सिलीची खूण होती.